कोड लॅबबाहेर जाऊ दे

अगं, तुझा प्रवेश पक्का झाल्याचं कळलं आणि किती बरं वाटलं म्हणून सांगू! काकूंना समजावण्याचं काम आता माझ्याकडे आहे. 'विद्यापीठात बसून मोबाइलचा टॉवर लिहायचा म्हणजे नेमकं काय करायचं?' असं त्यांनी फोनवर विचारलं, आणि प्रश्न अगदी योग्य आहे. त्यांना सांगितलं तेच तुलाही सांगते, कारण हॉस्टेलवर, घरी, लग्नकार्यात तुलाही हे पुन्हा पुन्हा सांगावं लागणार आहे.

मोबाइल नेटवर्कचे ढोबळ तीन भाग. हातातला फोन, गच्चीवरचं बेस स्टेशन आणि त्यामागची कोअर. ही कोअर सिम ओळखते, फोनला पत्ता देते आणि आपला डेटा इंटरनेटपर्यंत नेऊन पोचवते. वर्षानुवर्षं यातलं बेस स्टेशन आणि कोअर मोजक्या कंपन्यांच्या बंद पेट्यांमध्ये होती. विद्यापीठातली मुलं समीकरणं मांडायची, मॅटलॅबमध्ये आलेख काढायची, पण पेटीच्या आत काय चाललंय ते त्यांना बघता येत नसे. मग सॉफ्टवेअर रेडिओ आले. हवेतल्या लहरींचे नमुने घेऊन ते कॉम्प्युटरकडे देणारं एक छोटंसं उपकरण, आणि बाकीचं सगळं साध्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम.

फ्रान्सच्या दक्षिणेला, नीस शहराजवळ सोफिया अँतिपोलिस नावाची तंत्रज्ञान-वसाहत आहे. तिथल्या युरेकॉम या शिक्षण-संशोधन संस्थेत ओपनएअरइंटरफेस वाढलं. सगळे त्याला ओएआय म्हणतात. २०१४ मध्ये त्याच्याभोवती ना-नफा तत्त्वावरची एक संघटना उभी राहिली, आणि आज त्यात ४जी-५जीचं बेस स्टेशन, फोनची बाजू आणि कोअर असं सगळं आहे, खुलं, कुणालाही वाचता येईल असं. तैवानमधल्या शिंचू शहरातल्या विद्यापीठातून फ्री५जीसी ही कोअर आली, गो भाषेत लिहिलेली. आयर्लंडच्या एसआरएस या छोट्या कंपनीकडून असंच खुलं सॉफ्टवेअर आलं. ओपन५जीएस ही आणखी एक कोअर, जिचं नाव तुझ्या लॅबमध्ये रोज ऐकशील. आणि परदेशाकडेच बघायला नको. आयआयटी मुंबईतल्या संगणकशास्त्राच्या मंडळींनी आपल्या ४जी कोअरचा कोड खुला ठेवला होता. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या देशी ५जी टेस्टबेडच्या कामात आठ संस्था होत्या, आयआयटी मद्रास आणि आयआयटी मुंबई त्यातल्याच. १७ मे २०२२ रोजी त्याचं उद्घाटन झालं.

आता मला जे कळकळीनं सांगायचंय ते. तू जे लिहिशील ते जगाच्या मुख्य कोडमध्ये गेलं पाहिजे. तुझ्या स्वतःच्या ब्रँचवर राहिलं तर ते संपलं.

हे संपतं कसं, ते मी जवळून पाहिलंय. मुलगी पहिल्या दिवशी मुख्य कोडची एक प्रत उतरवून घेते. त्यात आपलं शेड्युलर घालते, आपले प्रयोग घालते. दोन-तीन वर्षं त्याच प्रतीत काम चालतं. तेवढ्यात मुख्य कोड कुठल्या कुठे गेलेला असतो. फंक्शनची नावं बदललेली, फाइली हललेल्या, थ्रेड्सची रचना नवी झालेली. पेपर छापून येतो, शेवटी 'मागणी केल्यास कोड मिळेल' असं वाक्य. मुलगी पदवी घेऊन नोकरीला लागते. पुढच्या वर्षीच्या ज्युनियरला लॅबच्या सर्व्हरवर एक फोल्डर सापडतो. नाव 'फायनल', शेजारी 'फायनल २'. त्यातला कोड चालत नाही. मग ती नव्यानं पहिल्यापासून सुरू करते, आणि पुन्हा तेच. इतक्या हुशार मुलींची इतकी वर्षं अशी वाया गेलेली पाहून मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून पहिल्या सहामाहीपासून छोटे पॅच पाठव. अगदी छोटे. दस्तऐवजातली चुकलेली आज्ञा, एखादा कंपायलरचा इशारा, एखाद्या कॉन्फिगरेशन फाइलमधली जुनी ओळ. ओएआयमध्ये डेव्हलप नावाच्या ब्रँचवर दर आठवड्याला नवे बदल एकत्र होतात आणि त्याला वर्ष व आठवडा यांच्या आकड्यांची खूण लागते. दर आठवड्याला नाही तरी महिन्यातून एकदा आपलं काम त्या ताज्या कोडवर आणून बसव. त्या दिवशी चार तास जातील आणि चिडचिड होईल, पण वर्षभर थांबून केलंस तर महिना जाईल.

आणि 'ताई, एवढा मोठा कोड मला कधी कळेल?' असं जे विचारलंस ना, त्याचं उत्तर: सगळा कुणालाच कळत नाही. ज्यांनी लिहिलाय त्यांनाही आपापला भागच माहीत असतो. तू एक धागा पकड. फोन चालू झाल्यावर नेटवर्कला पहिली हाक मारतो, तिथपासून नोंदणी पूर्ण होईपर्यंतचा प्रवास. एका बाजूला कोड, दुसऱ्या बाजूला वायरशार्कमध्ये पकडलेले संदेश, आणि समोर मानकाचा दस्तऐवज. ३जीपीपी ही मानकं ठरवणारी संघटना १९९८ पासून आहे आणि तिचे दस्तऐवज फुकट उतरवता येतात. ५जीच्या रेडिओची ३८वी मालिका: ३८.२११ मध्ये लहरींची रचना, ३८.२१२ मध्ये कोडिंग, ३८.३२१ मध्ये मॅक, ३८.३३१ मध्ये आरआरसी. फोन आणि कोअर यांच्यातलं बोलणं २४.५०१ मध्ये. ही भाषा सुरुवातीला रुक्ष वाटते. पण कोडमधल्या एका ओळीसमोर मानकातला नेमका परिच्छेद ठेवलास की दोन्ही एकमेकांना समजावून सांगतात. मी तर कोडच्या टिपेत कलम क्रमांक लिहायची सवय लावून घेतली, आणि माझ्यामागून आलेल्या मुली आजही त्याबद्दल धन्यवाद देतात.

उपकरण नाही म्हणून अडून बसू नकोस, हे विशेष करून सांगते. आपल्याकडच्या बऱ्याच विद्यापीठांत एक किंवा दोनच सॉफ्टवेअर रेडिओ असतात, आणि ते सिनियरच्या टेबलावर. ओएआयमध्ये आरएफसिम्युलेटर आहे. बेस स्टेशन आणि फोन दोन्ही प्रोग्राम तुझ्याच लॅपटॉपवर चालतात आणि हवेऐवजी सॉकेटमधून एकमेकांना नमुने पाठवतात. वरचं सगळं सॉफ्टवेअर तेच, खरंखुरं. त्याखेरीज एका एका थराचे छोटे सिम्युलेटर आहेत: खाली येणाऱ्या डेटासाठी, वर जाणाऱ्या डेटासाठी, पहिल्या हाकेसाठी, एलडीपीसी आणि पोलार या चुका दुरुस्त करणाऱ्या कोडसाठी वेगवेगळे. गोंगाटाचं प्रमाण बदलत न्यायचं आणि किती ब्लॉक चुकले ते मोजायचं. एवढ्यातून तुला रेडिओबद्दल जे कळेल ते वर्गात सहा महिन्यांत कळणार नाही.

एलडीपीसी आणि पोलार म्हणताना थांबते जरा, कारण यांची गोष्ट मला फार आवडते. रॉबर्ट गॅलेगर यांनी एलडीपीसी कोड १९६० मध्ये एमआयटीतल्या आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडले. त्या काळच्या कॉम्प्युटरांना ते पेलणारे नव्हते, म्हणून तीसेक वर्षं ते जवळजवळ पडून राहिले. नव्वदच्या दशकात डेव्हिड मकाय आणि रॅडफर्ड नील यांनी त्यांना पुन्हा उजेडात आणलं. पोलार कोड अंकाराच्या बिलकेंत विद्यापीठातल्या एर्दाल अरिकान यांचे, २००९ च्या शोधनिबंधातले. ५जीचं मानक ठरलं तेव्हा डेटासाठी एलडीपीसी घेतला गेला आणि नियंत्रणाच्या संदेशांसाठी पोलार. म्हणजे काकूंच्या हातातल्या ५जी फोनमध्ये दोन विद्यापीठांतलं काम रोज चालू आहे. गॅलेगर यांचा प्रबंध नीट लिहिलेला होता, ग्रंथालयात होता, १९६३ मध्ये पुस्तक म्हणूनही निघाला. म्हणून तीस वर्षांनीसुद्धा कुणाला तो हाती घेता आला. तुझ्या कोडचं तसं व्हावं असं मला वाटतं. कोड तीस वर्षं टिकणार नाही, पण तीन वर्षांनी आलेल्या अनोळखी मुलीला तो चालवता आला पाहिजे.

आता खऱ्या रेडिओवर आलीस की पहिला आठवडा वेळेशी झगडण्यात जाईल. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मुली घाबरतात आणि आपल्याच कोडमध्ये चुका शोधत बसतात. ५जीमध्ये ३० किलोहर्ट्झच्या मांडणीत दर अर्ध्या मिलिसेकंदाला नवा स्लॉट येतो, त्यात १४ चिन्हं. ४० मेगाहर्ट्झच्या चॅनलसाठी पूर्ण दरानं घेतलं तर सेकंदाला सहा कोटींहून जास्त नमुने कॉम्प्युटरकडे येतात. दादरच्या फलाटावरची लोकल जशी कुणासाठी थांबत नाही, तसा हा स्लॉट थांबत नाही. तुझा प्रोग्राम वेळेत तयार नसेल तर पडद्यावर नुसती यू आणि एल ही अक्षरं रांगेनं उमटायला लागतील. यू म्हणजे पाठवायला नमुने वेळेवर मिळाले नाहीत, एल म्हणजे मिळाले पण उशिरा. अशा वेळी आधी मशीनकडे बघ. प्रोसेसरची वीज वाचवण्याची सोय बायोसमधून बंद केलीय का? वेग कायम वरच्या पातळीवर ठेवलाय का? यूएसबी खरोखर ३.० च्या पोर्टमध्ये आहे का? कर्नल कमी विलंबाचा आहे का? आणि हो, तपासासाठी म्हणून सगळ्यांत खालच्या थरात प्रिंटची ओळ घालायचा मोह होईल. घालू नकोस. ती एक ओळच वेळ खाते, आणि मग जो दोष तू शोधतेस तो सोडून भलताच दोष समोर येतो. त्यासाठी कोडमध्येच मोजमापाची वेगळी साधनं दिलेली आहेत, ती शिकून घे.

सिमबद्दलही सांगते. बाजारातलं सिम उपयोगाचं नाही, कारण त्यातली गुप्त किल्ली कंपनीकडे असते. लॅबमध्ये आपण स्वतः लिहू शकतो अशी कोरी सिम आणतात. त्यावर ग्राहक क्रमांक आणि १२८ बिटांच्या दोन किल्ल्या लिहायच्या, आणि त्याच कोअरच्या डेटाबेसमध्ये भरायच्या. चाचणीसाठी ००१-०१ हा नेटवर्क क्रमांक राखून ठेवलेला आहे, तोच वापर. खऱ्या कंपनीचा क्रमांक कधीही, गंमत म्हणूनसुद्धा, वापरायचा नाही. फोन जोडलाच जात नसेल तर बहुतेकदा किल्लीतला एखादा आकडा चुकलेला असतो, किंवा सिम आणि डेटाबेस यांच्यातला अनुक्रमाचा आकडा जुळत नसतो. एकच सिम दोन वेगळ्या कोअरवर आलटून पालटून चालवलंस की हे हमखास होतं. सगळेच फोन अनोळखी चाचणी नेटवर्कवर ५जी दाखवत नाहीत, तेव्हा लॅबमध्ये कुठला फोन चालतो त्याची वही असेल तर ती मागून घे. नसेल तर तू सुरू कर.

हवेत काहीही सोडण्याआधी परवानगी. यात मी अजिबात सवलत देणार नाही. ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा जो पट्टा ५जीसाठी सगळीकडे वापरतात तो आपल्याकडे २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी विकत घेतलाय. तुझ्या लॅबचं चिमुकलं बेस स्टेशन शेजारच्या वसतिगृहातल्या मुलीच्या फोनला अडथळा करू शकतं, आणि तिला त्या वेळी मदतीसाठी फोन लावायचा असू शकतो. प्रयोगासाठीचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो. तो लॅबकडे आहे का, कुठल्या पट्ट्यासाठी आहे, किती शक्तीपर्यंत आहे, हे गाइड सरांना पहिल्याच भेटीत विचार. परवाना येईपर्यंत केबलनं जोड. पण केबल थेट जोडू नकोस हं, मध्ये ३० डीबीचा ॲटेन्युएटर हवाच, नाहीतर समोरच्या रेडिओचा ग्रहण करणारा भाग जळू शकतो. आणि आपल्याकडे एक जळला की दुसरा यायला खरेदी समितीच्या किती बैठका लागतात ते तुला कळेलच.

परवान्याचीच गोष्ट निघालीय तर दुसरा परवाना, कोडचा. हे कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या ओळखीतल्या किमान एका मुलीचं दोन वर्षांचं काम यामुळे बाहेर येऊ शकलं नाही, म्हणून ऐक. एसआरएसचा कोड आणि ओपन५जीएस एजीपीएल या परवान्याखाली वाढले. ओएआयच्या मंडळींनी मात्र स्वतःचा वेगळा परवाना केला, कारण मोबाइलच्या मानकांत पेटंटं ठासून भरलेली आहेत आणि मोठ्या कंपन्या त्याशिवाय हातभार लावायला तयार नव्हत्या. संशोधनासाठी वापर मोकळा, व्यापारासाठी पेटंटधारकांशी वाजवी अटींवर बोलणी, असा त्याचा गाभा. याचा तुला अर्थ इतकाच की एका प्रकल्पातलं फंक्शन उचलून दुसऱ्यात चिकटवायचं नाही. वाचायचं, समजून घ्यायचं, मिटवायचं आणि स्वतः लिहायचं. शिवाय ओएआयला पॅच देण्याआधी एका करारावर सही लागते, आणि तू विद्यापीठाची विद्यार्थिनी असल्यामुळे ती सही संस्थेकडून होण्याची गरज पडू शकते. संस्थेचा बौद्धिक संपदा कक्ष आणि प्रकल्पाला पैसे देणारी संस्था यांच्या अटी पहिल्या महिन्यात काढून वाच. कोड लिहून झाल्यावर विचारलंस तर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील. आधी विचारलंस तर बहुतेक ठिकाणी एका पत्रावर काम होतं.

गाइड सरांशी यावरून थोडी ओढाताण होईल. त्यांना पेपर हवा असतो, आणि त्यात त्यांचं चुकत नाही; तुझी पदवीही पेपरवरच अवलंबून आहे. पॅच मुख्य कोडमध्ये घालायला महिना गेला तर 'हे काय चाललंय?' असं ते विचारतील. तेव्हा भांडू नकोस, त्यांना उपयोगाचं असेल ते सांग. एसीएमच्या परिषदांमध्ये आता कोड उपलब्ध आहे, चालतो, त्यातून तेच निकाल येतात, यासाठी पेपरवर वेगवेगळ्या खुणा मिळतात. मुख्य कोडमध्ये गेलेल्या कामाचा पुढच्या प्रकल्पाच्या अर्जात मोठा आधार होतो. आणि बेंगळुरूला जानेवारीत कॉमस्नेट्स परिषदेला गेलात की नेटवर्क खरंच चालवून दाखवता येईल. चालत्या नेटवर्कभोवती लोक गोळा होतात. दर आठवड्यातला एक दिवस मुख्य कोडसाठी असं त्यांच्याकडून आधीच ठरवून घे. बहुतेक सर लोक 'हो' म्हणतात, कारण उरलेले दिवस त्यांचेच असतात.

आता दार लावून बोलावं तसं बोलते. लॅबमध्ये तू एकटी मुलगी असशील किंवा दोघी असाल. कमिटवर नाव तुझंच राहू दे. 'तू मला पाठव, मी सगळं एकत्र करून टाकतो' असं कुणी सिनियर आपुलकीनं म्हणेल, आणि त्याच्या मनात काही वाईटही नसेल. पण एकत्र केलेल्या कमिटवर एकच लेखक दिसतो. गिटमध्ये लेखक वेगळा आणि जोडणारा वेगळा नोंदवता येतो, सहलेखकाची ओळही घालता येते. हे शांतपणे, पहिल्याच वेळी सांगायचं: 'दादा, लेखक म्हणून माझं नाव ठेवा.' एवढंच. पाच वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत कुणी तुझं नाव टाकून शोधेल तेव्हा हेच समोर येणार आहे.

प्रश्नही सगळ्यांसमोर विचार. खासगीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकीलाच मिळतं. प्रश्न विचारताना नेमकी कमिट, कर्नल, रेडिओच्या ड्रायव्हरची आवृत्ती, कॉन्फिगरेशन फाइल आणि पूर्ण लॉग दे. 'चालत नाही' एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही, आणि मग मुलीला वाटतं की आपल्याला कुणी विचारत नाही. तपासणीत तिकडून कधी कोरडी भाषा येईल. 'हे असं का केलं?' असं चार शब्दांत. फ्रान्समधला, जर्मनीतला माणूस दिवसाचा दहावा पॅच बघत असतो, तुझ्यावर रागावलेला नसतो. उत्तर दे, बदल कर, पुन्हा पाठव. ओएआयचा पॅच मुख्य कोडमध्ये जाण्याआधी खऱ्या रेडिओंवर आणि खऱ्या फोनवर आपोआप तपासला जातो. ती तपासणी लाल झाली तर रडायचं नाही. तुझ्या लॅबमध्ये नसलेल्या उपकरणांवर तुझा कोड कुणीतरी फुकट चालवून बघतंय, हे केवढं भाग्य आहे!

रात्री उशिरापर्यंत प्रयोग चालतात, कारण तेव्हा मशीन मोकळी मिळते. त्यासाठी तिथे बसायची गरज नाही. मशीनवर बाहेरून जोडून घेता येईल अशी सोय पहिल्या महिन्यात करून घे, रेडिओ बंद-चालू करता येईल असा विजेचा स्विचही. शेवटची बस चुकवून प्रयोग पूर्ण करण्यात मोठेपणा नाही, आणि तसं समजणाऱ्या लॅबमध्ये तू ते बोलून दाखव.

या सगळ्याचा उपयोग काय, असं एखाद्या कंटाळलेल्या संध्याकाळी वाटेल. तेव्हा दोन गोष्टी आठव. २०१८ मध्ये जर्मनीच्या बोखुम विद्यापीठातल्या संशोधकांनी खुल्या ४जी सॉफ्टवेअरच्या मदतीनं दाखवून दिलं की ४जीमध्ये वापरणाऱ्याच्या डेटावर कूटलेखन असतं, पण वाटेत कुणी तो बदलला तर ओळखण्याची सोय नसते. त्यामुळे माणसाला नकळत भलत्याच संकेतस्थळावर नेता येतं. पुढच्या वर्षी कोरियातल्या कायस्ट या विद्यापीठातल्या गटानं ४जीच्या नियंत्रण-संदेशांची पद्धतशीर तपासणी करून ३६ नव्या त्रुटी शोधल्या. पेटी बंद असती तर विद्यापीठातल्या मुलांना हे दिसलं असतं का? अशा कामात तू पडलीस तर खऱ्या नेटवर्कवर, अनोळखी माणसांच्या फोनवर काही करून बघायचं नाही. सापडलेलं आधी ज्यांना दुरुस्त करायचंय त्यांना कळवायचं, मग छापायचं.

दुसरी गोष्ट गावांची. इंडोनेशियाच्या पापुआ भागात बोकोंदिनी नावाचं डोंगरातलं गाव आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटानं २०१८ मध्ये तिथे लोकांच्या स्वतःच्या मालकीचं छोटं ४जी नेटवर्क उभारायला मदत केली, कोअर खुल्या सॉफ्टवेअरची. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या मंडळींनी पालघर जिल्ह्यात टीव्हीच्या न वापरलेल्या पट्ट्यातून गावांपर्यंत इंटरनेट नेऊन दाखवलं. तो मोबाइलचा कोड नव्हता, तंत्र वेगळं होतं, पण प्रश्न तोच: जिथे कंपनीला परवडत नाही तिथे पोचायचं कसं? त्यांच्या ग्राममार्ग प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवरची ही गावं. आपल्या गावी पावसाळ्यात रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं हे तुला मी वेगळं सांगायला नको. मला या कामाची ओढ लागली ती तिथूनच.

हे आत्ता का सांगतेय, तर तुझ्याकडे अजून सहा आठवडे आहेत आणि लॅपटॉप आहे. मोठं पुस्तक वाचायला घेऊ नकोस. लिनक्स टाक. कोड उतरवून बांध. पहिल्यांदा बांधताना एखादी लायब्ररी हमखास अडेल, तो निरोप जसाच्या तसा वहीत उतरव आणि कसा सुटला तेही. मग आरएफसिम्युलेटरवर बेस स्टेशन, फोन आणि कोअर तिन्ही उठव, आणि त्या फोनवरून कोअरला पिंग कर. ते झालं की खाली येणाऱ्या डेटाचा सिम्युलेटर वेगवेगळ्या गोंगाटावर चालव आणि आलेख काढ. रेषा एका जागी अचानक खाली कोसळताना दिसेल. ती तिथेच का कोसळते याचं तुझं उत्तर, चुकलं तरी चालेल, आलेखासोबत मला पाठव. आणि बांधताना दस्तऐवजातली जी आज्ञा चालली नाही, तिची दुरुस्ती लिहून ठेव. तुझा पहिला पॅच तोच. पाठवण्याआधी रविवारी मला फोन कर, दोघी मिळून वाचू.